जी.डी. बारीक, सी.ए. ठळक

प्रति,
माननीय पाटीवरचे सी.ए. साहेब,
मुख्य कचेरी कर्जत, शाखा खोपोली, दर शनिवारी खालापूर



आपली नवी पाटी पाहिली. पेंटरचं कौतुक करावं की आपलं, हे काही ठरेना. नावाखाली मुंगीएवढं ‘जी.डी.’, मग बोटभर मोकळी जागा, आणि मग पळसदरीकडे निघालेल्या खोपोली लोकलमधूनसुद्धा वाचता यावं एवढं ठळक ‘सी.ए.’. महाराष्ट्राच्या सहकार खात्याची ‘गव्हर्न्मेंट डिप्लोमा इन को-ऑपरेशन अँड अकाउंटन्सी’ म्हणजे जी.डी.सी. अँड ए. ही पदविका आपण पास आहात, हे मला ठाऊक आहे. त्यातला ‘अँड’ कुठे गेला? पेंटर अक्षरावर पैसे घेतो म्हणून वाचवला असेल, तर काटकसर हा हिशेबनिसाचा गुणच.

पाटीच्या खालच्या अर्ध्या भागात प्राप्तिकर, जीएसटी, पॅन कार्ड, आयुर्विमा, शॉप ॲक्ट, कर्जाची फाइल, फार्महाउससाठी जमीन आणि विवाह नोंदणी. कोपऱ्यात पिवळ्या रंगात ‘रिफंड मिळणारच’. लोक उगाच म्हणतात, कर्जतमध्ये सोयी नाहीत.

आपल्याविरुद्ध कुणी तक्रार करणार नाही, याची आपल्याला खात्री आहे आणि ती रास्त आहे. आपल्याकडे रिटर्न भरून देतो तो सी.ए., जीएसटीचा नंबर काढून देतो तोही सी.ए., आणि बँकेतल्या साहेबांशी ज्याची ओळख आहे तो तर मोठा सी.ए. लग्नाच्या बाजारात बी.कॉम.चं दुसरं वर्ष सुटलेला मुलगाही ‘सी.ए. करतोय’ असतो, किती वर्षं करतोय, हे विचारण्याची पद्धत नाही. अशा उदार प्रदेशात आपण दोन अक्षरं ठळक केलीत, तर बिघडलं कुठे?

शिवाय आपल्याकडे सिद्धान्तही आहे. मागे चारफाट्यावर चहा पिताना आपण तो मांडला होता. ‘चार्टर्ड’ म्हणजे सनद मिळालेला, सनद विलायतेत राणी द्यायची, आपल्याकडे राणी नाही, म्हणजे इथल्या एकाही सी.ए.कडे सनद नाही. मग त्यांनी लावलं तर चालतं आणि मी लावलं तर का नाही? टेबलावरच्या दोघांनी माना डोलावल्या आणि आपल्या चहाचे पैसे भरले.

सिद्धान्ताचा पहिला भाग खरा आहे, म्हणून तर तो पचतो. एडिंबरोच्या हिशेबतपासनिसांना 1854 मध्ये राजसनद मिळाली, इंग्लंड-वेल्सच्या संस्थेला 1880 मध्ये. आपल्याकडे तसं काही झालं नाही. आपल्याकडे 1918 मध्ये मुंबई सरकारने ‘गव्हर्न्मेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी’ सुरू केला, म्हणजे जी.डी.ए. त्यासाठी मान्यताप्राप्त हिशेबनिसाच्या हाताखाली तीन वर्षं उमेदवारी करायची, परीक्षा द्यायची, मग कंपन्यांचे हिशेब तपासायचे. पुढे 1932 चे नियम आले आणि ही मंडळी ‘रजिस्टर्ड अकाउंटंट’ झाली. स्वातंत्र्यानंतर 1949 चा 38 वा कायदा झाला, 1 जुलै 1949 ला सी.ए. लोकांची संस्था उभी राहिली, जी. पी. कापडिया पहिले अध्यक्ष झाले आणि ‘चार्टर्ड अकाउंटंट’ ही पदवी भारतात कायद्याने आली. सनद राणीची नव्हती, कायदेमंडळाची होती. तेव्हा साहेब, राणी नसल्यामुळे आपली जी सोय झालीय असं आपल्याला वाटतं, ती पंच्याहत्तरहून अधिक वर्षांपूर्वी बंद झाली.

आणि एक गोष्ट पाहा. ते जुने जी.डी.ए.वाले मुंबईत फोर्टात बसून गिरण्यांचे हिशेब तपासायचे, समोर विलायतेहून आलेले खरेखुरे सनदी लोक असायचे. तरी आपली तिन्ही अक्षरं ते एकाच मापात लिहीत. आपल्या ‘जी.डी.’ला अशी वडीलधारी परंपरा लाभलेली असताना आपण तिला मुंगीएवढी केलीत, याचं वाईट वाटतं.

आता आपल्याला एक गुपित सांगतो. आपण सी.ए. नाही, हे कळायला कुणी संस्थेच्या दिल्लीच्या कचेरीत जायची गरज नाही. पाटी पुरे आहे. खऱ्या सी.ए.ला त्या कायद्याच्या परिशिष्टांनी इतकं बांधून ठेवलंय, की आपण पाटीवर लिहिलेलं निम्मं लिहायलाच त्याला बंदी आहे. प्रॅक्टिस करणारा सी.ए. ‘टॅक्स कन्सल्टंट’ असं बिरुद लावू शकत नाही, सी.ए. म्हटलं की संपलं. जाहिरात करून, पत्रकं वाटून गिऱ्हाईक ओढणं हे त्याच्यासाठी गैरवर्तन. संस्थेने वेबसाइट वगैरेंपुरती काही सूट दिली, पण पाटीवर ‘रिफंड मिळणारच’ची सूट काही दिलेली नाही. संस्थेच्या परवानगीशिवाय त्याला दुसरा धंदा करता येत नाही, तेव्हा फार्महाउसच्या जमिनीची दलाली दूरच राहिली. आणि आपली ती सुप्रसिद्ध अट, ‘आधी काही देऊ नका, रिफंड आला की दहा टक्के’? निकालावर किंवा नफ्यावर टक्केवारीने फी घेणं हेसुद्धा, मोजके अपवाद सोडले तर, त्याला वर्ज्य आहे. म्हणजे आपण एवढा मोठा बोर्ड लावून आपण सी.ए. नसल्याचंच जाहीर करत आहात, आणि त्याचं भाडंही नगरपरिषदेला भरत आहात. खरा सी.ए. कर्जतला शोधायचा तर पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या अंधारात, पानाएवढ्या पाटीमागे शोधावा लागतो.

पण मी हे पत्र सी.ए. लोकांची कड घेऊन लिहितोय असं समजू नका. त्यांची संस्था मोठी आहे, ती स्वतःचं पाहून घेईल. मी यांतला कुणीच नाही. आयुष्यभर पाताळगंगेच्या एका कारखान्यात व्हाउचरं लावली. माझं दुखणं वेगळं आहे.

आपल्या एका गिऱ्हाइकाची गोष्ट आपण विसरला असाल, म्हणून आठवण करून देतो. त्या काकांनी नगरपरिषदेच्या हद्दीबाहेरची वीस गुंठे भातजमीन मुंबईच्या पार्टीला विकली. आपल्याकडे आले. आपण म्हणालात, ‘शेतजमीन ना? मग टॅक्स शून्य. गावची जमीन, सरकार हात लावत नाही.’ काकांनी निश्चिंत मनाने घर बांधलं, मुलीचं लग्न केलं. मग नोटीस आली. प्राप्तिकराच्या कायद्यात ग्रामीण शेतजमीन भांडवली मालमत्तेत धरत नाहीत, हे खरं. पण ग्रामीण कशाला म्हणायचं, हे कायदा मोजून सांगतो. दहा हजारांच्या वर आणि एक लाखापर्यंत लोकसंख्येची नगरपालिका असेल, तर तिच्या हद्दीपासून दोन किलोमीटरच्या आतली जमीन ग्रामीण नाही. कर्जत आणि खोपोली, दोन्ही 2011 च्या जनगणनेनुसार याच खान्यात येतात. माथेरानची नगरपालिका जुनी आणि नामांकित, पण वस्ती दहा हजारांच्या आत, म्हणून तिची हद्द यात धरत नाहीत. खालापूर तालुक्याच्या रसायनी-चौकाकडच्या माणसाने तर पनवेलकडेही पाहावं; महापालिकेची वस्ती काही लाखांत, तिथे दोनाचे सहा किलोमीटर होतात.

आणि हे अंतर हवाई मोजायचं असतं. आपण ते आपल्या ॲक्टिवाच्या मीटरवर मोजलंत. उल्हासच्या पुलाला वळसा घालून रस्त्याने चार किलोमीटर भरलं, आपण समाधानाने मान हलवलीत. हवाई अंतर दीडच होतं. कर, त्यावर व्याज, वर दंडाची टांगती तलवार. विक्रीआधी दोन वर्षं जमीन स्वतः किंवा आईवडिलांनी कसलेली असेल आणि विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली, तर सवलत मिळते. तीही मुदत आपल्या निश्चिंतपणात निघून गेली. काका आपल्याकडे आले तेव्हा आपण म्हणालात, ‘नियम बदलला.’ नियम तेव्हाही तोच होता.

हे कळायला सी.ए.च असावं लागतं असं नाही. कुणी चांगला कर सल्लागार हे सांगू शकला असता, किंवा प्रामाणिकपणे म्हणाला असता, ‘काका, विचारून सांगतो.’ पण पाटीवर ती दोन अक्षरं होती म्हणून काकांनी दुसऱ्या कुणाला विचारलंच नाही. अडाणी उत्तर तर गावात कुणीही फुकट देतं. आपण त्याचे पाच हजार घेतलेत, आणि ते त्या अक्षरांच्या जोरावर.

आता आपल्या खऱ्या पदवीकडे येऊ, जिच्यापासून आपण तोंड लपवता. नेरळपासून खोपोलीपर्यंत गेल्या काही वर्षांत किती गृहनिर्माण संस्था झाल्या, हे आपणच पाहताय. गावोगावी विविध कार्यकारी सोसायट्या आहेत, पतपेढ्या आहेत, मजूर संस्था आहेत. या सगळ्यांचं लेखापरीक्षण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 81 खाली होतं. निबंधक नामतालिका ठेवतात, वार्षिक सभा तिच्यातून लेखापरीक्षक नेमते, वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत तपासणी व्हायची. त्या नामतालिकेत कोण असतं? सनदी लेखापाल असतात. आणि त्यांच्या बरोबरीने प्रमाणित लेखापरीक्षक असतात, म्हणजे पदवीधर, जी.डी.सी. अँड ए. पास, अनुभवी आणि मराठीचं ज्ञान असलेला माणूस. आपण, साहेब. साक्षात आपण. अमेरिकेतला सीपीए आला तरी त्याला खोपोलीच्या सोसायटीच्या ताळेबंदावर सही करता येत नाही, ती आपल्याला करता येते. ज्या एका ओळीत कायद्याने आपल्याला आणि सी.ए.ला शेजारी बसवलं, तिथे आपण स्वतःचं नाव खोडून त्याचं लिहिलंत! संस्थेचं बँक खातं आणि रोजकीर्द जुळवणारा, वसुलीची यादी घेऊन सचिवाला घाम फोडणारा, थकबाकी लपवलेली पतपेढी ‘अ’ वर्गातून खाली ढकलणारा माणूस होण्याची आपल्याला मुभा होती. आपण विवाह नोंदणी निवडलीत.

खऱ्या नावाचा धडा तर गावातच आहे. आपल्या कर्जतला प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र आहे. तिथे निघालेली भाताची वाणं नुसत्या गावाच्या नावाने आणि आकड्याने ओळखली जातात: कर्जत-2, कर्जत-3, कर्जत-7. कर्जत-3 हळवं, म्हणजे लवकर पिकणारं आहे, तर शेतकरी हळवं म्हणूनच घेतो. गरवं नाही म्हणून त्याला कुणी हिणवत नाही. पिशवीला टॅग असतो: पैदासकाराचा पिवळा, पायाभूतचा पांढरा, प्रमाणितचा निळा. आणि ज्याला यंत्रणेचं प्रमाणपत्र नाही, उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर गुण सांगतो, त्याला हिरवा टॅग. त्याला सत्यप्रत बियाणं म्हणतात. कमी प्रतीचं असा शिक्का त्यावर कुणी मारत नाही, फक्त टॅग खरा हवा. आपल्याला निळा टॅग शासनाने दिला होता. आपण तो काढून पिवळा लावलात, आणि आता आपण सत्यप्रतही उरला नाहीत.

आपल्यामुळे बिघडतं ते असं. तालुक्यात एक माणूस ‘जीएसटी प्रॅक्टिशनर’ आहे, रीतसर नोंदणी करून, परीक्षा देऊन. तो पाटीवर तेच लिहितो. लोक विचारतात, ‘म्हणजे सी.ए. नाही?’ आणि आपल्याकडे येतात. रसायनीच्या एका कारखान्यात कॉस्ट अकाउंटंट आहे. 1959 च्या स्वतंत्र कायद्याखालची त्याची संस्था, कंपनी कायद्यानुसार जिथे खर्चलेखापरीक्षण लागतं तिथे सहीचा अधिकार त्या संस्थेच्या प्रॅक्टिस करणाऱ्या सभासदाचाच, सी.ए.चासुद्धा नाही. पूर्वी त्याला आयसीडब्ल्यूए म्हणत. 2012 मध्ये संस्थेचं नाव बदललं, अक्षरं सीएमए झाली. तेवढ्यात अमेरिकेतल्या दुसऱ्याच एका संस्थेचे सीएमए पनवेलच्या क्लासच्या फ्लेक्सवर येऊन बसले. बिचाऱ्याच्या सासुरवाडीला अजून वाटतं, जावई सी.ए. होता होता राहिला. माझ्या टोरांटोच्या भाच्याचं तर विचारूच नका. कॅनडात सीए, सीएमए आणि सीजीए ही तिन्ही पदं एकत्र करून सीपीए केलं. तो खरंच पूर्वीचा सीए, पण आता तसं म्हणवत नाही. आणि आपण, कधीच नसलेले, म्हणवता.

ब्रिटनच्या एसीसीएवाल्यांचंही तेच. 1904 ची संस्था, 1974 ची राजसनद, म्हणजे चारफाट्यावर आपल्याला हवी होती ती राणीची सही त्यांच्याकडे आहे. तरी तिथून पास झालेल्या मुलीला भारतातल्या कंपनीच्या ऑडिट रिपोर्टवर सही करता येत नाही, आणि ती तसं स्पष्ट सांगते. राणीने सही केलेली माणसं मर्यादा पाळतात. आपल्यावर सही पेंटरची आहे.

रिफंडाचं थोडक्यात सांगतो, कारण ते प्रकरण आता आपल्यासाठीही फार हसण्यासारखं राहिलेलं नाही. खोपोलीच्या कंपन्यांतल्या पगारदारांना आपण न भरलेलं घरभाडं, न दिलेली राजकीय देणगी आणि नसलेला आजार दाखवून परतावे काढून दिलेत. जुलै 2025 मध्ये प्राप्तिकर खात्याने अशाच बोगस वजावटींसाठी देशभर दीडशेच्या आसपास ठिकाणी तपासणी केली. रिटर्नवर नाव कामगाराचं असतं, पॅन त्याचा असतो, ओटीपीही त्याच्याच फोनवर येतो. आपलं नाव त्यात कुठेच नसतं. दहा टक्के घेऊन शून्य टक्के जबाबदारी, हा हिशेब जमायला मात्र खरोखर डोकं लागतं, ते आपल्याकडे आहे.

कायद्याचा धाक घालावा, तर त्यातही आपलं नशीब थोर. सी.ए. नसताना सी.ए. म्हणवून घेणं हा 1949 च्या कायद्याच्या कलम 24 खाली गुन्हा. पण मूळ कायद्यातली शिक्षा काय, तर पहिल्या वेळी हजार रुपयांपर्यंत दंड. पुन्हा सापडलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये म्हणजे आपली एका रिटर्नची फी. मात्र तोतयेगिरी करून फसवणूक केली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 319 आहे आणि तिथे पाच वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. जीएसटी 1 जुलै 2017 ला आला. संस्था 1 जुलै 1949 ची. दर 1 जुलैला आपण श्रीराम पुलाजवळ ‘सी.ए. दिनाच्या हार्दिक शुभेच्छा’ असा स्वतःच्या फोटोचा फ्लेक्स लावता. यंदा तारखेचा जरा नीट विचार करावा.

आपल्याला काय करायचं ते सांगायची गरज नाही, पण सांगतो. पाटी उतरवा. ‘जी.डी.सी. अँड ए.’ एका मापात लिहा. खाली ‘प्रमाणित लेखापरीक्षक, सहकारी संस्था’ एवढंच लिहा आणि नामतालिकेत नाव नसेल तर घाला. नेरळ-कर्जत-खोपोलीच्या सोसायट्यांत इतकं काम पडलंय, की आपल्याला विवाह नोंदणीला वेळ उरणार नाही. काकांचे पाच हजार परत द्या. व्याज मी मागत नाही, ते प्राप्तिकर खात्याने आधीच वसूल केलं.

कळावे. लोभ नसला तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त व्हाउचरवाला

ता. क. हे पत्र खुलं असल्याने वाचकांसाठी. सी.ए.ने दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्रावर यूडीआयएन नावाचा 18 अंकाक्षरांचा क्रमांक लागतो. प्रमाणपत्रांना फेब्रुवारी 2019 पासून आणि बाकीच्या तपासणी अहवालांनाही त्याच वर्षीच्या जुलैपासून तो सक्तीचा आहे. पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे सहा सभासद क्रमांकाचे. संस्थेच्या यूडीआयएन पोर्टलवर तो टाकला की सही खरी की खोटी, हे कुणालाही फुकट पाहता येतं. त्याच्या फर्मलाही क्रमांक असतो आणि आपल्या बाजूच्या फर्मच्या क्रमांकाला शेवटी ‘डब्ल्यू’ असतो, पश्चिम विभागाचा. प्रमाणपत्रावर हा यूडीआयएन नसेल, तर पैसे देऊ नका.